सुगंधाताईंचे पाणकिडे

आमच्या इमारतीत जिन्यात कुणी भेटलं की ‘जेवण झालं का’ असं विचारायची पद्धत होती. सुगंधाताई तसं कधीच विचारत नसत. त्यांचा प्रश्न ठरलेला होता, “झाकन घातलंस का?” भिवंडीत आमच्या बाजूला पाणी एक दिवसाआड यायचं, त्यामुळे प्रत्येक घरात निळे ड्रम भरलेले असत. त्या ड्रमांवर झाकण आहे की नाही, याची चौकशी सुगंधाताई शाळकरी पोरांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांकडे करत. दूधवाल्याचं घर तर त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं.

माझी त्यांची ओळखसुद्धा ड्रमवरूनच झाली. माझी नोकरी काल्हेरच्या एका गोदामाच्या ऑफिसात आणि नवऱ्याची ठाण्यात, म्हणून आम्ही भिवंडीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या. आमची तनू तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होती. टेम्पोतून सामान उतरत होतं, तेवढ्यात शेजारच्या दारातून पन्नाशीच्या एक उंच, सडपातळ बाई आल्या. हातात चहाची गाळणी आणि स्टीलचा पेला. त्या थेट मोरीत गेल्या, आधीच्या भाडेकरूने मागे सोडलेल्या ड्रमात वाकल्या, गाळणीने पाण्यातून काहीतरी टिपलं आणि पेल्यात झटकलं. जाता जाता म्हणाल्या, “ड्रम ओतून टाक आनि उनात पालथा घाल. तुज्याकडं ल्हान पोर हाय.”

आमच्या ड्रममधून त्यांनी काय नेलं, ते विचारायला मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. बाहेरच्या खोलीत पत्र्याच्या टेबलावर काचेची एक पेटी होती. मासे ठेवतात तशी, पण आत मासा एकही नव्हता. तळाशी वाळू, पाणवनस्पतींचे चार देठ, आणि वरून मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधलेला. सुगंधाताई प्लास्टिकच्या स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी जाळीची एक कड उचलली आणि पेल्यातलं पाणी आत ओतलं. डासांच्या अळ्या वळवळत खाली पसरल्या. मला वाटलं होतं की पेटी रिकामी आहे. पण ज्याला मी वाळकी काडी समजत होते, ती काडीच हलली. पुढचे दोन पाय कात्रीसारखे मिटले आणि त्यांत एक अळी अडकली.

“खाल्ला,” सुगंधाताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, उत्साहही नव्हता. हजेरी घेताना मास्तर म्हणतात तसं.

तो पाणविंचू होता. शेपटीची नळी पाण्याबाहेर काढून तो देठाला उलटा लटकून बसायचा. त्याच्याशिवाय पेटीत बोटाच्या पेराएवढे चपटे पाणढेकूण होते, पाठीवर उताणे होऊन वल्ही मारल्यासारखे पोहणारे बारके किडे होते, आणि वाळूत दबा धरून बसणारी चतुराची पिल्लं होती. ती पिल्लं जबडा हातासारखा लांब फेकून भक्ष्य ओढून घेत. सगळेच शिकारी. शेवटची अळी संपेपर्यंत सुगंधाताई स्टुलावरून हलल्या नाहीत. मग उठून त्यांनी गॅसवर चहा ठेवला. त्यांचे यजमान रामदासभाऊ वळ गावातल्या एका गोदामात कामाला होते. ड्युटीवरून आलेला तो माणूस भिंतीला टेकून मुकाट्याने चहाची वाट बघत होता. “आधी त्यांचं, मंग आपलं,” त्या मला म्हणाल्या.

पुढे मी कामावर जाताना तनूला त्यांच्याकडे ठेवू लागले. तसं मी त्यांना विचारलं नव्हतं. एकदा पाळणाघर बंद होतं, तेव्हा त्यांनीच तिला कडेवर उचलून घेतलं आणि मला म्हणाल्या, “जा तू, गाडी चुकंल.” त्या दिवसापासून पाळणाघर सुटलंच. त्या तनूशी बोबडं बोलत नसत. मोठ्या बाईशी बोलावं तसं बोलत. पेटीत हात घालायचा नाही, एवढा एकच नियम होता. उताणा किडा त्यांना एकदा चावला होता. सुजलेलं बोट तनूपुढे धरून त्या म्हणाल्या होत्या, “बग, याची चूक न्हाय. माझा हात त्याच्या घरात गेला.”

त्यांना एक मुलगी होती, हे मला तळमजल्यावरच्या नसीमआपांनी सांगितलं. इमारत आपांच्याच मालकीची. त्यांच्या सासऱ्यांच्या वेळेपासून मागच्या शेडमध्ये कापडाचे लूम चालत. आपा म्हणाल्या, “काजल नाम था. ग्यारवी में थी. बहुत हँसती थी. तू उसको मत पूछना, वो खुद बोलेगी.” मी विचारलं नाही. एका रविवारी आम्ही दोघी मिळून सुके बोंबील साफ करत बसलो होतो, तेव्हा सुगंधाताईंनी आपणहून सांगितलं.

काजलला ताप आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, हवा बदलली म्हणून आला असेल. गोळी दिली. ताप उतरला, तशी पोरगी उठून बसली, पेज प्याली. आणि मग एकाएकी तिचे हातपाय गार पडले. लिफ्ट नाही, जिना अरुंद. रामदासभाऊंनी तिला पाठीवर घेऊन खाली रिक्षापर्यंत नेलं. ठाण्याच्या हॉस्पिटलात डेंग्यू म्हणाले, रक्त चढवलं. ती परत आली नाही.

काचेची ती पेटी काजलची होती. तिने हौसेने रंगीत मासे पाळले होते. हॉस्पिटलच्या धावपळीत माशांकडे कुणी पाहिलं नाही आणि ते मेले. दिवसकार्य उरकून पाहुणे गेल्यावर सुगंधाताई पहिल्यांदा त्या पेटीपाशी गेल्या. पाणी हिरवं झालं होतं आणि त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या.

“माझ्या पोरीच्या पेटीत,” त्या म्हणाल्या. हातातला बोंबील त्यांनी ताटलीत ठेवला. “मना वाटलं, पेटी फोडून टाकावी. पन मंग ते जमिनीवं सांडले असते, आनि मना बगायचं होतं त्यांना मरताना.”

त्यांचं माहेर पडघ्याजवळच्या एका खेड्यात. भाऊ भेटायला आला होता. त्याच्या भाताच्या खाचरात पाणढेकूण असायचे, तो बरणीत भरून घेऊन आला. बहिणीला दुसरं काय द्यावं, हे त्यालाही सुचत नव्हतं. तेव्हापासून हे चाललं होतं.

मी त्यांना म्हटलं, महापालिकेचे लोक गप्पी मासे फुकट वाटतात, तेही अळ्या खातात. सांभाळायला सोपे. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

“मासा गिलतो आनि जातो. कवा खाल्ला ते कलत बी न्हाय. हे धरतात. मना दिसतं.”

त्यांच्या नजरेला नजर देणं मला त्या दिवशी जड गेलं.

पण माणसाला कुणाचंही पोट भरायची सवय लागली, की त्याच्या मनात नुसता सूड राहत नाही, हे मी त्यांच्यात हळूहळू होताना पाहिलं. आधी त्यांचं सगळं लक्ष मरणाऱ्या अळीकडे असायचं. मग ते खाणाऱ्याकडे जाऊ लागलं. कोण आज जेवला नाही, कोण कात टाकतोय म्हणून निपचित आहे, कुणाचा पाय तुटलाय, हे मी ऑफिसातून आल्या आल्या त्या मला सांगत. एकदा एका पाणढेकणाच्या पाठीवर तिळासारखी अंडी दाटीने चिकटलेली दिसली. भावाने त्यांना सांगितलं होतं की मादी नराच्या पाठीवर अंडी घालून निघून जाते आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत तो त्यांना घेऊन फिरतो. कौतुकाने त्यांनी रामदासभाऊंना हाक मारली आणि म्हणाल्या, “बगा तरी, बाप हाय यो. पाठीवं घेऊन फिरतो.” रामदासभाऊ आले, वाकून पाहिलं, आणि चपला घालून बाहेर निघून गेले. सुगंधाताई क्षणभर दाराकडे बघत राहिल्या. मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी पदर तोंडावर घेतला. काजल गेल्यानंतर त्या रडल्याच नव्हत्या, असं आपा म्हणत. मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा रडताना पाहिलं.

एका सकाळी मी तनूला सोडायला गेले तर त्यांनी ओठांवर बोट ठेवून मला दारातच थांबवलं. चतुराचं एक पिल्लू देठावरून पाण्याबाहेर चढलं होतं. त्याची पाठ फाटली होती आणि त्यातून फिकट, ओला चतूर बाहेर येत होता. तनू स्टुलावर उभी राहून श्वास रोखून बघत होती. सुगंधाताईंनी तिला मागून धरलं होतं. पंख वाळायला फार वेळ लागला. माझी बस गेली, पण मी निघाले नाही. शेवटी त्यांनी देठ अलगद उचलून खिडकीत धरला. चतूर उडाला, समोरच्या लूमच्या पत्र्यावर क्षणभर टेकला आणि दिसेनासा झाला. “जेवला खावला, गेला आपल्या वाटंनं,” त्या तनूला म्हणाल्या. त्या आनंदात होत्या, मी शपथेवर सांगेन.

त्या काळात सुगंधाताई गाळणी घेऊन घरोघर फिरत. ड्रम, कुंड्या, फ्रिजमागचे ट्रे, लूमच्या अंगणातले जुने टायर, काही सुटलं नाही. आधी लोक हसले. फवारणीच्या माणसाने तर पेटीचा मोबाईलवर फोटो काढला आणि खाली जाऊन सगळ्यांना दाखवला. पण त्या पावसाळ्यात आमच्या इमारतीत कुणाला डेंग्यू झाला नाही, तेव्हा हसणारेही आपणहून त्यांना पेला भरून अळ्या आणून देऊ लागले. आपा म्हणायच्या, “सुगंधा, तेरे कीड़ों ने तो हमको पाल लिया.” त्यावर सुगंधाताई किंचित हसायच्या.

पुढचा उन्हाळा आला आणि अळ्या मिळेनाशा झाल्या. सगळ्यांच्या ड्रमांवर झाकणं बसली होती, टायर उचलले गेले होते. पेटीतले किडे उपाशी पडले आणि एकमेकांना खाऊ लागले. सुगंधाताईंनी कोलंबीचे बारीक तुकडे टाकून पाहिले, पण ते हलत नव्हते, म्हणून कुणी शिवेना. त्या स्वतःही नीट जेवत नव्हत्या. मी म्हटलं, त्यांना माहेरच्या तळ्यात सोडून द्या. त्या म्हणाल्या, “तलं आटलंय. मरतील.” मग काही दिवसांनी त्यांच्या पेल्यात पुन्हा अळ्या दिसू लागल्या. कुठूनतरी मिळाल्या असतील, असं मी धरून चालले. पाऊस सुरू झाला, आणि पडघ्याहून फोन आला की त्यांची आई अंथरुणाला खिळली आहे. होत्या तशा त्या निघाल्या. आई गेली. सगळं आटोपून त्या परतल्या तेव्हा खूप थकलेल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी त्या गच्चीवरून खाली येताना मला दिसल्या. हातात घासलेली बालदी होती. मी हाक मारली, पण त्यांना ऐकू गेली नाही.

त्यानंतर दोन आठवड्यांत तनूला ताप भरला.

रक्त तपासलं, डेंग्यू निघाला. तिला दाखल केलं. त्या दिवसांबद्दल मला फारसं लिहिता येणार नाही. इवल्याशा हाताला पट्टीने बांधलेली सलाईनची सुई, आणि प्लेटलेटचा रिपोर्ट घेऊन येणाऱ्या नर्सच्या चेहऱ्याकडे बघणारे आम्ही दोघं, एवढंच डोळ्यांपुढे येतं. आपा दोन वेळचा डबा पाठवत होत्या. रामदासभाऊ ड्युटी संपवून रोज येत. सुगंधाताई मात्र आल्या नाहीत. मला वाटलं, त्यांना हॉस्पिटल सहन होणार नाही.

एका दुपारी त्या आल्या. वॉर्डच्या दारातच थांबल्या. मी बाहेर गेले. नवरा औषधं आणायला खाली गेला होता.

“माझ्यामुलं झालं,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं, दुःखात माणूस काहीही बोलतो. मी म्हटलं, ताई, अख्खा वॉर्ड भरलाय, आपल्या मागच्या गल्लीत घरोघर ताप आहे. त्यांनी मला बोलू दिलं आणि मग सगळं सांगितलं. उन्हाळ्यात किडे उपाशी मरताना बघवेना, म्हणून त्यांनी गच्चीवर टाकीच्या मागे एक बालदी पाणी भरून ठेवली. डास येऊन त्यात अंडी घालायचे. अळ्या झाल्या की त्या रोज गाळून आणायच्या आणि वरून काजलची एक जुनी ओढणी घट्ट बांधायच्या. एकालाही पंख फुटू दिले नव्हते. पण आईचा निरोप आला तेव्हा त्या बालदी विसरून गेल्या. रामदासभाऊ रागावतील म्हणून त्यांना बालदीबद्दल कधी सांगितलंच नव्हतं. परत येऊन बघतात तर वाऱ्याने ओढणी सुटली होती आणि पाण्यावर रिकाम्या कातींचा थर तरंगत होता.

“उडून गेले सगले,” त्या म्हणाल्या. “मी पालले त्यांना. माझ्या हातानं.”

मला राग आला का? आला. दारातून तनूचे पाय दिसत होते, आणि तेवढा वेळ मला समोरची बाई दिसेनाशी झाली. पण मग मी त्यांचे हात धरले आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं तेच सांगितलं, की कुठला डास कुठून आला हे कुणालाच सांगता येत नाही. पुढे मी आणखी काही जाणत्यांना विचारलं, तेही हेच म्हणाले. सुगंधाताईंनी सगळं ऐकून घेतलं.

“डॉक्टरला माझी बालदी म्हाईत न्हाय,” त्या म्हणाल्या आणि जिन्याकडे वळल्या. वॉर्डच्या आत त्यांनी पाऊल टाकलं नाही.

तनू बरी झाली. आम्ही तिला घरी आणलं तेव्हा शेजारचं पत्र्याचं टेबल रिकामं होतं. रामदासभाऊंनी मला सांगितलं की तळं भरल्यावर सुगंधाताई बरण्या मांडीवर घेऊन मोटरसायकलवर मागे बसल्या आणि माहेरी जाऊन सगळ्यांना सोडून आल्या. त्या गुडघाभर पाण्यात उतरल्या होत्या. एकेक बरणी तिरकी करून शेवटचा किडा बाहेर पडेपर्यंत धरून ठेवत होत्या. रामदासभाऊ म्हणाले, घाई कर म्हणायचं धाडस झालं नाही. पेटी सुगंधाताईंनी भंगारवाल्याला दिली.

तनूला यातलं काही कळत नव्हतं. अंगात त्राण आल्याबरोबर ती शेजारच्या दारावर थापा मारू लागली. “मावशी, उघड ना.” आतून आवाज यायचा, “कामात हाय गो मी.” तनू उंबऱ्यापाशी बसून राहायची. दाराच्या आत, अगदी दाराला लागून, त्याही बसलेल्या असत. मला बांगड्यांचा आवाज ऐकू यायचा. मी हरप्रकारे सांगून पाहिलं. माझ्या नवऱ्याने तर दाराबाहेर उभं राहून हात जोडले आणि म्हणाला, आमच्या मनात काही नाही, पोरीला जवळ घ्या. दार उघडलं. सुगंधाताईंनी त्याला पाणी दिलं, चहा दिला, आणि तनू आत शिरायला लागली तशी तिला खांद्याला धरून हळूच बाहेर ठेवलं. त्या मला म्हणाल्या, “माझ्याकडं नको ठेवूस, वर्षा. माझ्या घरात पोर टिकत न्हाय.”

दिवाळीच्या आधी त्यांनी खोली सोडली. भावाच्या शेजारी दोन खोल्या बांधून त्या गावी राहू लागल्या. रामदासभाऊ तिथून वळच्या गोदामात ये-जा करत. फोन केला तर तेच उचलायचे. ती शेतावर गेली आहे, म्हणायचे.

या हिवाळ्यात रामदासभाऊंचा फोन आला. सुगंधाताई झोपेत गेल्या. आम्ही पोहोचलो तेव्हा सगळं आटपलं होतं. अंगणात माणसं बसली होती आणि रामदासभाऊ, कुणी विचारलं नसतानाही, सांगत होते की तिला काही त्रास झाला नाही.

त्या गावी गेल्यापासून सुगंधाताईंची माझी एकदाच भेट झाली होती. आदल्या वर्षी एका लग्नासाठी आम्ही पडघ्याला गेलो होतो, तेव्हा न कळवताच मी तनूला घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. तनू शाळेत जाऊ लागली होती. सुगंधाताई भात पाखडायचं सूप हातात घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. केस सगळे पांढरे झाले होते. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि सूप खाली ठेवलं, पण उठल्या नाहीत. तनू माझ्या मागे लपून मला विचारू लागली, “आई, ह्या कोण?” एके काळी ही मुलगी त्यांच्या मांडीवर झोपल्याशिवाय दुपार काढत नव्हती.

“शेजारीन,” सुगंधाताईंनीच उत्तर दिलं. “तुमच्या शेजारी रायची मी.”

मग बराच वेळ त्या तनूकडे बघत राहिल्या. तिची उंची, तिच्या वेण्या, पायातल्या नव्या चपला. शेवटी त्यांनी तिला जवळ बोलावलं. तनूने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, तशी ती गेली. सुगंधाताईंनी हात पदराला पुसला आणि उलट्या पंजाने तिच्या कपाळाला स्पर्श केला.

“ताप न्हाय,” त्या म्हणाल्या. आणि हात तसाच ठेवून बसून राहिल्या.